जॉर्जियाचे डोंगर किती गिगाबाइटचे?

बाजारातून एक टेराबाइटची नवी ड्राइव्ह आणली, संगणकात बसवली आणि पडद्यावर पाहिले, तर विंडोज म्हणते, जागा ९३१ गिगाबाइट. हजारातले ६९ गिगाबाइट कुठे गेले? दुकानदाराने फसवले का?

नाही. दोघेही खरे बोलत आहेत, फक्त दोघांची मापे वेगळी आहेत. ड्राइव्ह बनवणारे दहाच्या घातांत मोजतात. त्यांच्या टेराबाइटमध्ये बरोबर एक लाख कोटी बाइट असतात. विंडोज दोनच्या घातांत मोजते. तिचा गिगाबाइट म्हणजे १०२४ × १०२४ × १०२४, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. एक लाख कोटीला या संख्येने भागून पाहा, ९३१ च येतील. एकही बाइट हरवलेला नाही. लिटरने मोजलेले दूध पुन्हा मोठ्या मापाने मोजले, इतकेच. हा घोळ मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये दोनच्या घातांतल्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे दिली. विंडोजने ती अजूनही मनावर घेतलेली नाहीत. या लेखात आपण मात्र दहाच्या घातांतली, दुकानातली मापेच वापरू या.

पत्रे टंकणाऱ्याला किंवा निकालपत्रके करणाऱ्याला हा ६९ चा फरक आयुष्यात कधी जाणवणार नाही. पण अकरावी-बारावीच्या ज्या मुलांनी आपल्या संगणकावर लढाऊ विमानांचा सिम्युलेटर बसवला आहे, त्यांना विचारा. ‘जागा पुरत नाही’ ही त्यांची रोजची तक्रार असते. डीसीएस वर्ल्ड हे त्यांतले एक प्रसिद्ध नाव. ईगल डायनॅमिक्स या कंपनीचा हा कार्यक्रम. १९९५ साली आलेला एसयू-२७ फ्लँकर हा त्याचा पूर्वज. त्यात विमान नुसते डावी-उजवीकडे वळवायचे नसते. इंजिन चालू करण्यापासूनची बटणे खऱ्या विमानाच्या क्रमानेच दाबावी लागतात. लढाईच्या खेळाला या मासिकात जागा कशाला, असे कोणी म्हणेल. आम्हांला वाटते, जागेच्या या तक्रारीत भूगोल, भूमितीश्रेणी आणि अर्धवाहकांचे पदार्थविज्ञान इतके सहज एकत्र आले आहे की, वर्गात न वापरता ते सोडून देणे बरे नव्हे. शिवाय मुले जी ड्राइव्ह मागतात तिचे पैसे पालकांच्या खिशातून जातात. मोठी ड्राइव्ह घेण्यापूर्वी हिशेब यायला हवा.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. १९८० च्या सुमारास ब्रूस आर्टविक यांनी अ‍ॅपल-२ संगणकासाठी केलेला फ्लाइट सिम्युलेटर साध्या ध्वनिफितीवरही मिळत असे. जमीन म्हणजे रेघांची जाळी, डोंगर म्हणजे चारदोन त्रिकोण. १९८२ साली मायक्रोसॉफ्टच्या नावाने आलेला सिम्युलेटर एका फ्लॉपीवर मावला. पुढे सीडी आली, तिच्यात ६५० मेगाबाइट. आज डीसीएसच्या किमान गरजांच्या यादीतच सुमारे २०० गिगाबाइट मोकळी जागा मागितलेली असते. म्हणजे तीनशेहून अधिक सीडी, आणि तीही सगळे नकाशे, सगळी विमाने घेण्याआधी. एवढे असते तरी काय त्यात?

बहुतेक मुले उत्तर देतात, ‘विमाने’. खरे उत्तर आहे ‘जमीन’, आणि तीसुद्धा जमिनीची उंची नव्हे, तिचा रंग.

हिशेबच करून पाहू. डीसीएसबरोबर विनामूल्य मिळणारा एक नकाशा कॉकेशसचा आहे. त्यात जॉर्जिया हा देश येतो. जॉर्जियाचे क्षेत्रफळ सुमारे ६९,७०० चौरस किलोमीटर. एका चौरस किलोमीटरमध्ये दहा लाख चौरस मीटर, म्हणजे एकूण ६,९७० कोटी चौरस मीटर झाले. आधी उंची घेऊ. २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारच्या साहाय्याने भूपृष्ठाची उंची मोजली. सुमारे ३० मीटरला एक, असे ते बिंदू होते. ३० मीटर गुणिले ३० मीटर म्हणजे ९०० चौरस मीटरला एक आकडा. ६,९७० कोटीला ९०० ने भागले की साधारण ७ कोटी ७४ लाख बिंदू मिळतात. प्रत्येक उंची लिहायला दोन बाइट पुरतात, कारण दोन बाइटमध्ये ६५,५३६ वेगवेगळ्या संख्या लिहिता येतात आणि कॉकेशसचे कोणतेही शिखर मीटरमध्ये याच्या जवळपासही जात नाही. तेव्हा अख्ख्या जॉर्जियाची उंचसखल जमीन झाली साडेपंधरा कोटी बाइट. १५५ मेगाबाइट! पाव सीडी.

आता रंग. प्रत्येक चौरस मीटरला एक चित्रबिंदू धरू. लाल, हिरवा, निळा या तीन रंगांसाठी एक-एक बाइट, म्हणजे बिंदूमागे तीन. ६,९७० कोटी गुणिले ३ बरोबर २०९ गिगाबाइट. डोंगर १५५ मेगाबाइटचा आणि त्याचे कातडे त्याच्या तेराशेपट! बरे, एक मीटरचा चित्रबिंदू काही फार बारीक नाही. खाली उतरताना रस्त्यावरची गाडी अशा चित्रात पाचसहा ठिपक्यांची दिसेल. ठिपका अर्ध्या मीटरचा केला की ठिपके दुप्पट नव्हे, चौपट होतात. क्षेत्रफळ बाजूच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे आपण आठवीत शिकवतो. इथे ते पैशांत मोजता येते.

(एक आडवळण. एंडेव्हरचे ते मोजमाप ६० अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडे गेले नाही, कारण यानाची कक्षाच तशी होती. डीसीएसचा कोला द्वीपकल्पाचा नकाशा या रेषेच्या बराच उत्तरेला आहे. तिथल्या उंचीसाठी दुसरी मोजमापे शोधावी लागतात. नकाशाच्या वहीत मुलांना ही रेषा काढायला सांगावी.)

मग २०९ गिगाबाइटचा देश ड्राइव्हवर मावतो कसा? दोन युक्त्या आहेत. पहिली फरशांची. प्रत्येक शेताचे खरे छायाचित्र ठेवायचे नाही. गव्हाचे शेत, द्राक्षमळा, जंगल, खडक अशा काही नमुन्यांच्या फरशा करायच्या आणि कुठे कोणती फरशी टाकायची एवढीच नोंद ठेवायची. लुगड्याचा काठ छापणाऱ्याकडे सबंध काठाएवढा ठसा नसतो, तसेच हे. फायदा प्रचंड, तोटा एकच. उंचावरून पाहिले की नक्षी पुन्हापुन्हा येताना दिसते.

दुसरी युक्ती अधिक सुंदर आहे आणि ती आलेखाच्या कागदावर करून पाहता येते. चित्राचे चार गुणिले चार ठिपक्यांचे चौकोनी तुकडे करा. एका तुकड्यात सोळा ठिपके. प्रत्येकी तीन बाइट, म्हणून ४८ बाइट. आता निरीक्षण असे की, इतक्या लहान तुकड्यात रंग फार वेगवेगळे नसतात. म्हणून त्या तुकड्यातले दोन टोकांचे रंग तेवढे निवडा. समजा, गडद हिरवा आणि पिवळट. हे दोन रंग थोड्या ढोबळपणे दोन-दोन बाइटमध्ये लिहा. या दोघांच्या मधले आणखी दोन रंग लिहायची गरज नाही. एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश मिश्रण करून ते मिळतात. असे चार रंग झाले. चारांतला कोणता, हे सांगायला दोन बिट पुरतात: ००, ०१, १०, ११. सोळा ठिपक्यांचे ३२ बिट, म्हणजे चार बाइट. टोकाच्या रंगांचे चार आणि हे चार, मिळून आठ. ४८ चे आठ झाले! जॉर्जिया २०९ वरून ३५ गिगाबाइटवर आला. एस-थ्री नावाच्या कंपनीने काढलेली ही पद्धत १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या डायरेक्ट-एक्स प्रणालीत घेतली आणि तिच्या सुधारलेल्या बहिणी आजही वापरात आहेत.

हुशार विद्यार्थी इथे हमखास विचारतो, की छायाचित्रांसाठी वापरतात ती जेपेग पद्धत याहूनही कमी जागा घेते, मग ती का नाही? प्रश्न योग्य आहे. जेपेगमध्ये साध्या तुकड्याला कमी आणि गुंतागुंतीच्या तुकड्याला जास्त बाइट लागतात. त्यामुळे दहा हजारावा तुकडा नेमका कुठे सुरू होतो, हे आधीचे सगळे उलगडल्याशिवाय कळत नाही. आपल्या पद्धतीत प्रत्येक तुकडा आठच बाइटचा. दहा हजारावा तुकडा हवा तर ९,९९९ ला आठने गुणा आणि थेट तिथे जा. सेकंदाला साठ चित्रे काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला उलगडत बसायला वेळ नसतो. त्याला पत्ता हवा असतो. जागेच्या प्रश्नात वेळ असा लपलेला असतो.

विमानाकडे वळू. विमानाचा आकार अनेक त्रिकोणांनी बनवलेला असतो आणि त्यावर चित्राचे कागद गुंडाळलेले असतात. समजा, एक कागद ४०९६ गुणिले ४०९६ ठिपक्यांचा आहे. म्हणजे १ कोटी ६७ लाख ठिपके. वर सांगितलेल्या पद्धतीच्या अधिक चांगल्या दर्जाच्या प्रकारात ठिपक्याला एक बाइट लागतो, म्हणून १६.८ मेगाबाइट. पण हेच विमान दहा किलोमीटरवर गेले की पडद्यावर ते चाळीस ठिपक्यांचे सुद्धा उरत नाही. तेव्हा एवढ्या मोठ्या चित्रातून मोजके ठिपके उचलले, तर चित्र लुकलुकते. म्हणून त्याच कागदाच्या निम्म्या बाजूची, पाव बाजूची, एक-अष्टमांश बाजूची अशा प्रती आधीच करून ठेवतात. त्यांना लागणारी जागा १ + १/४ + १/१६ + १/६४ + … अशी वाढते. ही श्रेणी कितीही लांबवली तरी बेरीज ४/३ च्या पुढे जात नाही. दहावीच्या पुढच्या वर्गात अनंत भूमितीश्रेणीला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला तरी सापडलेले नाही. जागा फक्त एक-तृतीयांशाने वाढली, २२.४ मेगाबाइट. रंगाचा एक थर, बारीक उंचवट्यांचा एक, चकाकीचा एक, असे तीन थर धरले तर एका कागदाला ६७ मेगाबाइट. आणि आतली चालककक्षा धरून विमानाला असे वीस कागद लागले, तर १.३ गिगाबाइट.

अजून रंगकाम राहिलेच. एकच विमान अनेक देशांच्या हवाई दलांत असते. प्रत्येक तुकडीचे चिन्ह वेगळे, छटा वेगळी. समजा, एका रंगसंगतीला बाहेरचे चार कागद रंगाच्या थरापुरते नव्याने काढावे लागले. मग एका संगतीला ९० मेगाबाइट आणि तीस संगतींना २.७ गिगाबाइट. विमानापेक्षा त्याच्या रंगाचे डबे दुप्पट जागा खातात. आणि एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. डीसीएसमध्ये विनामूल्य मिळणारी, स्वतः उडवता येणारी विमाने दोनच: एसयू-२५टी आणि टीएफ-५१डी. तरी मूळ कार्यक्रम एवढा मोठा, कारण आपण विकत न घेतलेली विमानेही शत्रू म्हणून, मित्र म्हणून आकाशात दिसायची असतात. त्यांचे बाहेरचे रूप प्रत्येकाच्या संगणकात असावेच लागते.

इथे दुसरा मार्ग निवडणारेही आहेत. मायक्रोसॉफ्टच्या २०२० सालच्या फ्लाइट सिम्युलेटरने सगळ्या पृथ्वीची चित्रे दूरच्या संगणकांवर ठेवली, दोन पेटाबाइटहून अधिक. एक टेराबाइटच्या दोन हजार ड्राइव्ह! उडणाऱ्याला जेवढा भाग हवा तेवढाच इंटरनेटवरून येतो. प्रवासी विमानाला हे ठीक आहे. लढाईत मात्र डोंगराआड दडलेले विमान रडारला दिसते की नाही, यावर जगणे-मरणे ठरते. दोन खेळाडूंच्या संगणकांत डोंगराचा आकार सारखाच असला पाहिजे. एकाचे इंटरनेट मंद म्हणून त्याचा डोंगर बुटका, असे चालणार नाही. म्हणून जमीन घरातच साठवणे भाग पडते.

साठवायची ती कशावर? जुनी हार्ड डिस्क स्वस्त आहे. तिच्यावर सगळे टाकले तर? तिच्या चकत्या मिनिटाला ७,२०० वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती नेमकी वाचकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, ४.२ मिलिसेकंद. वाचणारा दांडा योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-नऊ. एकूण १३ मिलिसेकंद धरू. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. पण विमान ताशी ९०० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५० मीटरने जात आहे. समोरच्या गावासाठी ५०० विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर साडेसहा सेकंद लागतील, आणि तेवढ्यात विमान १,६०० मीटर पुढे गेलेले असेल. गाव दिसेपर्यंत ते मागे पडले! एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही. एका तुकड्याला ०.१ मिलिसेकंद धरला तर ५०० तुकड्यांना एक-विसांश सेकंद, आणि विमान सरकते साडेबारा मीटर. एसएसडी घ्यायची की नाही हा हौसेचा प्रश्न उरत नाही तो यामुळे.

पण एसएसडी काठोकाठ भरू नये. का, ते पाटीच्या उदाहरणाने सांगता येईल. तिच्यात माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेले इलेक्ट्रॉन. लिहिताना एक-एक ओळ लिहिता येते. मात्र पुसताना ओळ पुसता येत नाही, शेकडो ओळींची सबंध पाटीच धुवावी लागते. एका पाटीवरच्या निम्म्या ओळी रद्द झाल्या असतील, तर उरलेल्या कामाच्या ओळी आधी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवून मग ही धुवायची. कोऱ्या पाट्या भरपूर असतील तर हे काम मागच्या मागे होते. ड्राइव्ह भरत आली की कोरी पाटी मिळवण्यासाठीच उतरवाउतरव करावी लागते. एक ओळ लिहायला चार ओळी हलवाव्या लागतात, वेग घटतो आणि कप्पेही लवकर झिजतात. शिवाय अनेक स्वस्त ड्राइव्ह मोकळ्या कप्प्यांत तात्पुरते घाईचे लेखन करून घेतात. मोकळे कप्पे संपले की ती सोयही आटते. म्हणून शंभरातले पंधरा भाग रिकामे ठेवावेत. फाइल पुसल्यावर ‘या ओळी आता नकोत’ असा निरोप विंडोज ड्राइव्हला देते. त्या निरोपाला ट्रिम म्हणतात.

जागा खाणारे आणखी एक कारण फाइलींच्या संख्येत आहे. ड्राइव्हवरची जागा ठरावीक मापाच्या खणांनी दिली जाते. खणात पाच बाइट ठेवले तरी सगळा खण आपला. विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस मांडणीत खण सुमारे चार किलोबाइटचा असतो. एक्सफॅट मांडणीत, ड्राइव्ह मोठी असेल तर, १२८ किलोबाइटचा. प्रत्येक फाइलीचा शेवटचा खण सरासरी अर्धा रिकामा राहतो असे धरा. एक लाख फाइली असतील तर पहिल्या मांडणीत २०० मेगाबाइट वाया जातात, दुसरीत साडेसहा गिगाबाइट. पेनड्राइव्हवर एकाच अक्षराची मजकूर-फाइल करून तिचे गुणधर्म पाहा. ‘आकार’ एक बाइट आणि ‘डिस्कवरील आकार’ कितीतरी हजार बाइट दिसेल. हाच प्रयोग संगणकाच्या मुख्य ड्राइव्हवर केला तर डिस्कवरील आकार चक्क शून्य दिसतो! वर्गात गोंधळ उडायला नको म्हणून आधीच सांगतो. इतकी लहान फाइल एनटीएफएस वेगळ्या खणात ठेवतच नाही, नोंदवहीतल्या तिच्या नावाशेजारीच लिहून टाकते.

आता प्रत्यक्ष आवराआवर. फोल्डर मोठा आहे म्हणून तो काढला, असे करू नये. आधी विचारावे की ही वस्तू परत मिळेल का, आणि मिळायला किती वेळ लागेल. समजा, एक नकाशा ६० गिगाबाइटचा आहे. इंटरनेट सेकंदाला १०० मेगाबिटचे असेल तर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट येतात, आणि नकाशा ८० मिनिटांत परत मिळतो. तो खुशाल काढावा. जोडणी १० मेगाबिटची असेल तर १३ तास २० मिनिटे. आणि मोबाइलवर दिवसाला २ गिगाबाइट मिळत असतील तर पूर्ण एक महिना! त्याच नकाशाची प्रत जुन्या हार्ड डिस्कवर ठेवली, तर सेकंदाला १५० मेगाबाइटने ती सात मिनिटांच्या आत एसएसडीवर परत येते. उडताना अडखळणारी हार्ड डिस्क कोठीघर म्हणून उत्तम आहे. ज्यांचे इंटरनेट मंद आहे त्यांनी दुसरी एसएसडी घेण्याआधी घरातली जुनी हार्ड डिस्क शोधावी, असे आमचे मत.

याच्या उलट टोकाला, परत न मिळणाऱ्या वस्तू असतात आणि त्या आकाराने अगदी लहान असतात. सिम्युलेटर डी ड्राइव्हवर बसवला तरी त्याची एक वही सी ड्राइव्हवर, वापरणाऱ्याच्या ‘सेव्ह्ड गेम्स’ या फोल्डरात तयार होते. तिच्यात कोणते बटण कशासाठी याची जुळणी, स्वतः तयार केलेल्या मोहिमा, उड्डाणांची नोंद असे सगळे असते. एका विमानाची बटणे मनासारखी जुळवायला संध्याकाळ जाते. दहा विमानांची जुळवायला महिना. हे सारे मिळून काही मेगाबाइट भरते. पण त्याच फोल्डरात उड्डाणांची आपोआप होणारी ध्वनिचित्रासारखी मुद्रणेही साठतात; अनेकांबरोबर खेळलेल्या प्रत्येक लढाईचे एक, आणि ती कुणी बघत नाही. ‘एफएक्सओ’ आणि ‘मेटाशेडर्स२’ नावाचे दोन फोल्डरही तिथेच असतात. त्यांत ग्राफिक्स कार्डासाठी करून ठेवलेली भाषांतरे असतात. ती काढली तर कार्यक्रम पुन्हा करून घेतो, पहिल्यांदा सुरू व्हायला थोडा उशीर लागतो, इतकेच. सी ड्राइव्ह भरली म्हणून वैतागून अख्खा फोल्डर पुसणारे जुनी मुद्रणे आणि भाषांतरे यांच्याबरोबर आपली महिन्याची मेहनतही पुसतात. तेव्हा आधी जुळणी आणि मोहिमा पेनड्राइव्हवर उतरवाव्यात, मग फक्त मुद्रणे आणि ते दोन फोल्डर काढावेत. मूळ कार्यक्रमातल्या रंगसंगती हाताने पुसण्यात मात्र अर्थ नाही. कार्यक्रमाची दुरुस्ती चालवली की त्या परत येतात. नकाशे आणि विमाने काढायची तीही कार्यक्रमाच्या आतल्या यादीतूनच.

एकाच ड्राइव्हवर सगळे मावत नसेल आणि दुसरी ड्राइव्ह असेल, तर एक छान सोय आहे. एनटीएफएसमध्ये फोल्डरच्या जागी नुसता निर्देश ठेवता येतो. घर बदलताना जुन्या पत्त्यावर आलेली पत्रे नव्या पत्त्यावर पाठवावीत, असे आपण टपाल कार्यालयाला सांगतो ना, तसे. डीसीएसचे नकाशे ‘मॉड्स’ या फोल्डरातल्या ‘टेरेन्स’मध्ये असतात. त्यातला एक नकाशा दुसऱ्या ड्राइव्हवर हलवून जुन्या जागी एमकेलिंक या आज्ञेने निर्देश केला, की कार्यक्रमाला नकाशा जुन्याच जागी दिसतो. क्रम मात्र पाळावा. कार्यक्रम बंद करून प्रत करायची, दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि आकार ताडून पाहायचे, मूळ फोल्डरचे नाव बदलायचे (पुसायचा नाही), निर्देश करायचा, एकदा उडून पाहायचे, आणि मगच मूळ फोल्डर पुसायचा. निर्देशातून आत जाऊन एखादी फाइल पुसली तर ती खरीच पुसली जाते, हे मुलांना दोनदा सांगावे. एक्सफॅट मांडणीच्या ड्राइव्हवर असा निर्देश ठेवता येत नाही.

राहता राहिली नव्या आवृत्तीच्या वेळची जागा. सिम्युलेटर वर्षातून अनेकदा सुधारला जातो. नव्या फाइली उतरवायच्या, उलगडायच्या, आणि त्या नीट आल्याची खात्री झाल्यावर जुन्या बदलायच्या, असा सुरक्षित क्रम असल्यामुळे काही काळ जुने आणि नवे दोन्ही ड्राइव्हवर असते. एका मोठ्या नकाशाची सगळी चित्रे बदलली तर त्या दिवशी बरीच मोकळी जागा लागू शकते. त्याच सी ड्राइव्हवर विंडोजही रॅम अपुरी पडल्यास आपली पेज फाइल वाढवत असते. पंधरा टक्के रिकामे ठेवण्याचा नियम पाळणाऱ्याला या दोन्हींसाठी वेगळी तयारी करावी लागत नाही. एक टेराबाइटच्या ड्राइव्हवर ते १५० गिगाबाइट होतात. विंडोज आणि इतर कामांना १००, मूळ कार्यक्रमाला २०० धरले, तर उरतात ५५०. यात ६० गिगाबाइटचे नकाशे किती, आणि विमानांसाठी काय उरले, हे ज्याचे त्याने मांडावे. विंडोजच्या पडद्यावर मोजणार असाल तर १५० च्या जागी १४० शोधा.